१८० ग्रॅमचं काय घेऊन बसलात?

मे महिन्यात भाचा लातूरहून आला तो सॅकमध्ये एक चौकोनी खोकं घेऊनच. हातपाय धुवायच्या आधी त्यानं ते उघडलं. "मामा, हे बगा. एकशेऐंशी ग्रॅमची हाय. रिमास्टर केलेली. अडीच हजाराला पडली." जुन्या नाट्यपदांची नवी एलपी होती, म्हणजे सुईनं वाजणारी मोठी तबकडी. कव्हर जाडजूड, छपाई झकास, कोपऱ्यात सोनेरी स्टिकर. मी ती प्लेअरवर ठेवली आणि सुई टेकवली. गायकाच्या आधी ऑर्गननं सूर धरला आणि तो सूर झोके घ्यायला लागला. वर, खाली, वर, खाली.

"जुनं रेकॉर्डिंग हाय ना, असंच असंल," भाचा म्हणाला.

असं नसतं. इतक्या बेसूर ऑर्गनवर कुठल्या नाटक कंपनीनं पहिला अंकसुद्धा रेटला नसता. मी त्याला म्हटलं, गाणं राहू दे, तू फक्त सुईच्या दांड्याकडे बघ. टेबलावरचा दिवा जवळ ओढला. दांडा प्रत्येक फेऱ्याला जरासा डावीकडे, मग जरासा उजवीकडे जात होता.

"ह्ये कामून हलूलालंय?"

तबकडीचं भोक बरोबर मध्यावर पडलेलं नव्हतं, म्हणून. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. सुराचा झोकाही नेमका तेवढाच. भोक एका मिलिमीटरनं सरकलं, तर तबकडीच्या आतल्या टोकाला, जिथे सुई चालते ती खाच केंद्रापासून जेमतेम सहा सेंटिमीटरवर असते, तिथे सूर दोन्ही बाजूंना सुमारे १.७ टक्के हलतो. आपल्याकडे जिला सगळ्यात लहान श्रुती म्हणतात, तिचं अंतर साधारण सव्वा टक्का. म्हणजे कारखान्यातल्या एका मिलिमीटरनं अख्खी श्रुती इकडची तिकडे होते. बाहेरच्या कडेला हेच हलणं निम्म्याहून कमी भरतं, म्हणून पहिलं गाणं बरं वाटतं आणि शेवटचं नासतं. ढोल-ताशाच्या दणक्यात हे खपून जातं. तानपुरा, ऑर्गन, सारंगी, लांब आलाप असला की लपायला जागा नसते. आपल्या संगीताची तबकडी तपासायची तर आधी लांबवलेला सूर शोधावा, तो असा.

ही तबकडी परत पाठव, असं मी त्याला सांगितलं. त्याचं तोंड उतरलं. "पण रिव्ह्यू चांगले होते, मामा." असतीलही. रिव्ह्यू लिहिणाऱ्याच्या प्रतीचं भोक मध्यावर असेल. पुनर्मुद्रित तबकडीच्या चर्चेत सगळा गोंधळ इथेच होतो. काही दोष त्या एका प्रतीचे असतात, बदलून घेतली की जातात. काही दोष सगळ्या प्रतींत सारखे असतात, दहा वेळा बदलून घ्या, तेच येणार. म्हणून चांगली-वाईट ठरवण्याआधी दोष कुठल्या पायरीवर आत शिरला ते ओळखायचं.

त्यासाठी तबकडी बनते कशी ते थोडं बघू. मूळ टेप, किंवा जी काही प्रत हाताशी असेल ती, वाजवली जाते. तिकडे एका यंत्रावर अॅल्युमिनियमची चकती फिरत असते, वर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर. तापवलेली सुई त्यात खाच कापत जाते. नांगराच्या तासासारखीच ती, फक्त सरळ न जाता गोल गोल आत जाते आणि आवाजाप्रमाणे थरथरत जाते. या लॅकरवर चांदीचा पातळ मुलामा देऊन निकेलचा थर चढवतात. तो सोलून काढला की उलटा छाप मिळतो, त्याला 'फादर' म्हणतात. फादरवरून 'मदर', आणि मदरवरून ठसे, म्हणजे स्टॅम्पर. आधी बाप, बापापासून आई, आईपासून लेकरं, अशी ही वंशावळ. दोन बाजूंचे दोन ठसे, मध्ये व्हिनाइल या प्लास्टिकचा गरम गोळा, वरून दाब, मग पाणी खेळवून थंड करायचं. झाली तबकडी. एक ठसा साधारण हजारभर प्रतींना चांगला चालतो, पुढे खाचेच्या बारीक कडा बोथट होत जातात.

आता जे काही टेपमध्ये किंवा लॅकर कापताना बिघडलं, ते सगळ्या खानदानात उतरणार. जे प्रेसवर बिघडलं, ते एका प्रतीचं किंवा फार तर एका ठशाचं.

प्रेसवरचे दोष ओळखायला सोपे. भोक सरकलेलं, हा एक. तबकडी थंड व्हायच्या आधीच काढली की ती पापडासारखी वाकते, हा दुसरा. तिसरा जरा फसवा आहे: गोळा ठशाच्या कोपऱ्याकोपऱ्यात पोचला नाही, तर खाचेच्या भिंतीत खळगे राहतात. दिव्याखाली तिरकी धरली तर तिथे चमचमणारे फिकट डाग दिसतात आणि वाजवताना कापड टराटरा फाडल्यासारखा आवाज येतो, बहुतेक एकाच बाजूच्या स्पीकरमधून. ही धूळ नव्हे, कितीही पुसा, जात नाही.

पण धूळ आधी पुसून बघायलाच हवी. नवी कोरी तबकडीसुद्धा कागदी पाकिटाचे तंतू आणि विजेचा भार अंगावर घेऊन येते. आमच्या भागात तर खिडकी उघडी राहिली की संध्याकाळपर्यंत टेबलावर फुफाट्याचा थर. बोअरचं पाणी मात्र कधीही वापरू नका. त्यातले क्षार खाचेत वाळून बसतात आणि तुम्हीच नवीन खरखर विकत घेता. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं. त्यात थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळलं आणि मऊ कापडानं खाचेच्या दिशेनं फिरवलं की पुरे. फक्त आजोबांच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांना अल्कोहोल दाखवू नका. त्या लाखेच्या असतात, बांगड्यांची असते तीच लाख, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एकाची अख्खी पेटी अशी 'स्वच्छ' झालेली मी पाहिली आहे.

आता कापण्याच्या पायरीवरचे दोष. इथे गणित आडवं येतं. एलपीचा फेऱ्यांचा वेग ठरलेला, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते आणि आत लेबलाजवळ जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. म्हणून आतल्या गाण्यात 'स', 'श', 'च' थुंकल्यासारखे येतात. त्यात एका बाजूला १८ ते २२ मिनिटांचं गाणं असेल तर खाचा ऐसपैस बसतात. ते २७ मिनिटांवर नेलं की खाचा जवळजवळ कापाव्या लागतात, आवाज उतरवावा लागतो, आणि उतरलेला आवाज तुम्ही घरी चढवलात की त्याबरोबर खरखरही चढते. भाच्याच्या तबकडीवर दुसरी बाजू २७ मिनिटांची होती. कव्हरवर बऱ्याचदा मिनिटं छापलेली असतात, विकत घ्यायच्या आधी दिसतात, पण स्टिकरच्या झगमगाटात कुणी बेरीज करत नाही. 'जास्तीत जास्त पदं' हा तबकडीच्या बाबतीत तोट्याचा सौदा आहे.

आणि त्या १८० ग्रॅमचं म्हणाल तर साधी एलपी १२० ते १४० ग्रॅम भरते. वरचे ४०-५० ग्रॅम जाडीत जातात, खाच तेवढीच खोल. जड तबकडी हाताला श्रीमंत लागते आणि थोडी कमी लवते, इतकंच. उलट जाड तबकडी थंड व्हायला वेळ जास्त लागतो. कारखान्याला घाई असेल तर वाकण्याचा धोका तिलाही आहेच. वजनावर आवाज ठरवायचा तर मग कांदेही तराजूवर बघून गोड-तिखट ठरवावेत.

खरा प्रश्न सगळ्यात वरच्या पायरीचा: लॅकर कापताना वाजवलं काय? तहसीलमध्ये सातबाऱ्याच्या झेरॉक्सची झेरॉक्स आणि तिचीही झेरॉक्स घेऊन गेलं की बाबू कसा नाक मुरडतो? इथेही तसंच. मूळ टेप, टेपची प्रत, सीडी, इंटरनेटवरून उतरवलेली फाइल, यातल्या कशावरूनही तबकडी कापता येते. काळी, चकचकीत, १८० ग्रॅमची. बाहेरून काही कळत नाही.

यात कायद्याचाही एक धागा आहे. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. युरोपात तो पूर्वी ५० वर्षांचा होता, २०११ च्या निर्देशानं ७० झाला, पण त्याआधीच मुदत संपलेली मुद्रणं पुन्हा हक्काखाली आली नाहीत. त्यामुळे १९५० च्या दशकातल्या जाझच्या तबकड्या तिकडे कुणीही कायदेशीररीत्या काढू शकतो, आणि मूळ टेप मात्र मूळ कंपनीच्या कपाटात. मग बिनटेपवाला काय वाजवतो? बहुधा सीडी. आपल्याकडेही जुन्या मुद्रणांचं हेच होऊ शकतं (गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे असतात, त्यांची गोष्ट निराळी). कंपनीचं नाव अनोळखी असेल आणि कव्हरवर टेपबद्दल चकार शब्द नसेल, तर टेप नव्हती असं मी धरून चालतो. टेप वापरणारा ते सांगितल्याशिवाय राहत नाही.

'रिमास्टर्ड' या शब्दाला स्वतःचा असा अर्थ नाही. कुणीतरी पुन्हा हात फिरवला, इतकाच. नव्वदच्या दशकात जुन्या गाण्यांवर झंकार बीट्सचे ठोके चढवलेल्या कॅसेटी आपण रसवंतीगृहात बसून ऐकल्याच की. तोही हात फिरवणंच होतं.

'मूळ टेपवरून' असं छापलं म्हणजे तरी प्रश्न मिटला का? अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी 'ओरिजिनल मास्टर रेकॉर्डिंग' अशी पट्टी कव्हरवर मिरवत महागड्या तबकड्या काढते. हौशी लोकांची समजूत होती की टेप ते लॅकर सगळा प्रवास अॅनालॉग, मध्ये डिजिटल काहीच नाही. त्यांनी मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'च्या ४०,००० प्रती काढायचं जाहीर केलं, तेही 'वन-स्टेप' पद्धतीनं. या पद्धतीत फादर-मदर गाळून लॅकरवरून थेट ठसा घेतात, म्हणजे दर ठशाला नवं लॅकर कापायचं. मग लोकांनी बोटांवर हिशेब केला: एका ठशाला हजार प्रती धरल्या तर इतक्या लॅकरांसाठी ती जुनी, नाजूक टेप कितीदा वाजवणार? जुलै २०२२ मध्ये एका रेकॉर्ड दुकानदारानं हा विषय जाहीरपणे काढला आणि कंपनीला मान्य करावं लागलं की २०११ पासून त्यांच्या कितीतरी तबकड्यांत टेप आधी डीएसडी या डिजिटल स्वरूपात उतरवली जात होती. प्रकरण कोर्टात गेलं.

मला त्यातली मजा वेगळीच वाटते. दहा वर्षं हजारो तयार कानांनी त्याच तबकड्या ऐकून 'अॅनालॉगची ऊब काही औरच' म्हणून माना डोलावल्या होत्या. म्हणजे काळजीपूर्वक केलेली डिजिटल पायरी कानाला कळत नाही. न सांगता केली हे चुकलंच. पण 'मध्ये डिजिटल आहे का?' यापेक्षा 'उतरवताना टेपशी प्रामाणिक राहिले का?' हा प्रश्न मला जवळचा वाटतो.

आणि त्या बेइमानीचा पत्ता कानाला लागतो. जुन्या ७८ च्या तबकड्यांवरून एलपी काढताना खरखर कमी करतात, करावीच. पण संगणकाला जास्त सैल सोडलं की तो खरखरीबरोबर गाणंही खातो. गायकानं दम घेतला त्या क्षणाकडे कान लावा. ओळ संपली, पुढची सुरू व्हायची आहे, मध्ये दोन सेकंद. तिथे साथीच्या सारंगीचं शेपूट हवं, श्वासाचा आवाज हवा, मागे थोडी बारीक खरखर हवी. त्याऐवजी कुणी बटण दाबल्यासारखी मिट्ट शांतता पडली आणि गाणं सुरू होताच खरखरही परत आली, तर समजा कात्री चालली आहे. सारंगी बासरीसारखी गुळगुळीत लागली, 'स'चा 'फ' झाला, हीही तीच लक्षणं. मला स्वतःला खरखरीसकट गाणं चालतं. खरखरीमागे माणूस तरी असतो.

७८ च्या बाबतीत आणखी एक भानगड आहे, ती पेटी घरात असलेल्याला चटकन पकडता येते. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं मुद्रित झालं, तिथून पुढे बरीच वर्षं मुद्रणाचा वेग सगळीकडे नेमका ७८ नव्हता. ७४ वर मुद्रित झालेलं गाणं डोळे मिटून ७८ वर वाजवलं की ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास वर चढतं, म्हणजे जवळपास अर्धा सूर. काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये जातो, ताना उगाच चपळ होतात, भारदस्त गळा कोवळा वाटायला लागतो. एकाच गायकाची त्याच काळातली पदं एका एलपीवर वेगवेगळ्या पट्ट्यांत, आणि आवाजाचा पोतही बदललेला, असं झालं तर वेग कुणी तपासला नाही असा संशय घ्यायला हरकत नाही.

तशीच मोनोची, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणाऱ्या मुद्रणाची गोष्ट. स्टिरिओ एलपी बाजारात आल्या १९५८ च्या सुमारास. त्याआधीचं गाणं 'स्टिरिओ' म्हणून विकायला ठेवलं असेल तर बहुधा एका कानात जाड आवाज, दुसऱ्यात पातळ, असं फाडून दिलेलं असतं. एचएमव्हीच्या जुन्या भारतीय शास्त्रीय एलपींवर मोनोला ईएएलपी आणि स्टिरिओला ईएएसडी अशी अक्षरं असत. ती बघायची सवय लागली की फसगत कमी होते. शेवटच्या गाण्यानंतर लेबलाभोवती जी कोरी पट्टी असते, तिथेही मोबाइलचा टॉर्च मारून बघा. ठशाचा मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ओळख-क्रमांक असतो, कधी कापणाऱ्याची आद्याक्षरंही. ब्लू नोट या अमेरिकी कंपनीच्या जाझ तबकड्यांवर 'आरव्हीजी' दिसलं की ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांनी स्वतः कापलेली, म्हणून लोक उड्या टाकतात.

"मग जुनीच घ्यावी ना, ओरिजिनल?" भाच्यानं विचारलं. पुण्या-मुंबईच्या सुस्थित दिवाणखान्यातली असेल तर घ्यावी. आमच्याकडची जरा जपून. माझ्या काकांचा सेलूजवळच्या गावात लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्नसराईत लिंबाच्या झाडाला दोन कर्णे बांधायचे, खाली बाजेवर अॅम्प्लिफायर, शेजारी पत्र्याच्या पेटीत तबकड्या. आजचं चांगलं कार्ट्रिज, म्हणजे दांड्याच्या टोकाचा सुई धरणारा भाग, दीड-दोन ग्रॅम भारानं चालतं. काकांचं पाच-सहा ग्रॅमचं, आणि सुई उडू नये म्हणून वर एक नाणं ठेवलेलं. सुई झिजली म्हणून बदलली असं मी कधी पाहिलं नाही. मागणीचं गाणं एका हंगामात कितीदा लागायचं ते विचारू नका. ती तबकडी आजही आहे, त्या गाण्यापुरत्या खाचा करड्या पडल्या आहेत. भंगारवाल्याकडे, जुन्या बाजारात जी 'ओरिजिनल' मिळते तिची कुंडली बऱ्याचदा अशी असते. अशा प्रतीपुढे टेपवरून नीट काढलेली नवी तबकडी मी कधीही पसंत करीन. एखाद्या निवृत्त मास्तरांच्या कपाटातून, पाकिटासकट, एका माणसानं वापरलेली निघाली तर मात्र घासाघीस न करता उचलावी.

शेवटची पायरी प्रवासाची. व्हिनाइल ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. परभणीत मे महिन्यात बाहेरच ४५ असताना कुरिअरच्या बंद गाडीत आत काय होत असेल? म्हणून मी मार्च ते मृगापर्यंत तबकडी मागवत नाही. आणि आली की खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढतो. वाकलेली निघाली तर वाद कमी होतो.

भाच्यानं दांडा हलतानाचा व्हिडिओ दुकानदाराला पाठवला. दोन दिवस हो-नाही झालं, मग बदली मिळाली. जूनच्या अखेरीस, पहिले पाऊस होऊन गेल्यावर, तो ती घेऊन आला. त्या दिवशी काकाही घरी होते. भोक या वेळी मध्यावर, दांडा स्थिर, ऑर्गनचा सूर रेघ ओढल्यासारखा सरळ. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या पदात मात्र 'स' थुंकत होता, पहिल्या प्रतीत थुंकत होता तसाच.

"हे बदलून भेटल का?"

"नाही. ते २७ मिनिटांचं आहे. सगळ्यांच्या घरी असंच वाजत असणार."

काकांना आता कमी ऐकू येतं. ते बराच वेळ स्पीकरकडे कान करून बसले होते. म्हणाले, "कर्ण्यावर लावली असती तर कायबी कळलं नसतं."